ग्रामपंचायतीचा फॉर्म भरला त्याची गोष्ट, आणि नंतरच्या पैशाची

ज्या ग्रामपंचायतींची निवडणूक जानेवारी २०२१मध्ये झाली होती त्यांची पाच वर्षं भरत आली, तसे मला फोन यायला लागले. कुणी माहेरकडची, कुणी बचत गटातली. विचारणं साधारण सारखंच: "आमच्या वॉर्डात बाईची जागा सुटतीय म्हणं. घरचे म्हणायलेत, राहा उभी. काय काय लागतं गं?" फोनवर अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून सगळं एकदा लिहून काढतेय. मी डिसेंबर २०२२च्या निवडणुकीत बीड जिल्ह्यातल्या एका गावातून सदस्यपदाला उभी होते. गावाचं आणि तालुक्याचं नाव घालत नाही, कारण यातली माणसं मला रोज पारावर भेटतात.

त्या वेळी राज्यात ७,७५१ ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागली होती आणि त्यातल्या ७०४ एकट्या बीड जिल्ह्यात होत्या. तहसील, सेतू, बँक, झेरॉक्सचं दुकान, कुठंही जा, रांग ठरलेली.

आमची पंचायत नऊ जणांची. दीड ते तीन हजार लोकवस्तीला नऊ जागा बसतात. सगळ्यात लहान पंचायत सातची आणि सगळ्यात मोठी सतराची. तीन वॉर्ड, दर वॉर्डात तीन जागा, निम्म्या जागा महिलांना. शिवाय सरपंच थेट जनतेतून. हा थेट सरपंचाचा प्रकार २०१७ला आला, २०२०ला गेला, जुलै २०२२मध्ये परत आला. म्हणजे आमच्या मतदाराला एका वेळी चार मतं द्यायची होती.

तहसीलदारांची नोटीस १८ नोव्हेंबरला लागली. त्याच्या आधीच एका संध्याकाळी पॅनलचे तात्या घरी आले. ओट्यावर बसून आमच्या मामांशी, म्हणजे सासऱ्यांशी, पाऊसपाणी, कापसाचा भाव असं बोलत राहिले आणि चहा झाल्यावर म्हणाले, "सूनबाईकडं जातीचा दाखला हाय का?" आमच्या वॉर्डातली एक जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला अशी होती. मला राजकारणात यायचं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मामांनीही विचारलं नाही. रात्री यांनी विचारलं. मी म्हणाले, दाखला आहे आणि यायचंही आहे. बचत गटाचं दप्तर मी आठ वर्षं लिहीत होते, पंचायतीचं दप्तर कसं असतं ते बघायची मला खरोखर उत्सुकता होती.

आता कागद. लग्न झालेल्या बाईचा जातीचा दाखला बापाच्या नावावरून निघतो, नवऱ्याच्या नाही. माझा कॉलेजात असतानाचा, माहेरच्या नावाचा होता. पण राखीव जागेसाठी नुसता दाखला पुरत नाही, जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि मुदतीत प्रमाणपत्र आणून देईन असं हमीपत्र. ओबीसीसाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा लागतो. वडील त्याआधीच शाळेत गेले होते, त्यामुळे त्यांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा चालला. भावानं हौसेनं आजोबांचाही उतारा शोधून काढला. तो उर्दूत, निजामाच्या काळातला, आणि त्यावर तालुका लिहिलेला मोमिनाबाद. आताच्या अंबाजोगाईचं ते तेव्हाचं नाव. वाचून घ्यायला गावातल्या एका रिटायर्ड मास्तरांकडे गेलो, त्यांनी चष्मा पुसत आजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा भाऊ एकदम गप्प झाला. समितीचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागद बीडला नेऊन द्यायचे. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे याचा पुरावा, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र, आधीच काढून ठेवा. बायकांच्या फायली त्रुटीत पडतात त्या बहुतेक इथंच.

बाकीचं सांगते. वय एकवीस पूर्ण, नाव त्याच पंचायतीच्या मतदार यादीत. १२ सप्टेंबर २००१नंतर तिसरं अपत्य झालेलं नको. घरी शौचालय आहे आणि ते वापरतो याचा कागद. जन्म १ जानेवारी १९९५ला किंवा नंतर झाला असेल तर सातवी पासचा पुरावा. मालमत्ता आणि गुन्ह्यांबद्दलचं घोषणापत्र. निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. या खात्यावरून लोक हसतात, "पाच-पंचवीस हजाराच्या इलेक्शनला खातं?" पण खातं लागतंच, आणि त्या आठवड्यात बँकेत नवं खातं उघडायला दोन-तीन दिवस मोडतात.

सगळ्यात गमतीचा कागद म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला. पंचायतीचा कर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरला नाही तर माणूस अपात्र ठरू शकतो, उमेदवारही आणि निवडून आलेला सदस्यही. आमच्या घराची घरपट्टी कित्येक वर्षं भरलेलीच नव्हती. मागणी आली चार हजारांच्या वर. मामा म्हणाले, "इतके दिस कुणी मागितली नाय." त्यांचं खोटं नव्हतं. पंचायतीच्या दारात त्या दिवशी ओळीनं उभे होते ते सगळे इच्छुक उमेदवार, दोन्ही पॅनलचे, हातात पाचशेच्या नोटा. शिपाई पावत्या फाडून फाडून थकला होता. मला म्हणाला, "वहिनी, ह्या हप्त्यात जेवढी वसुली झाली तेवढी वरसात होत नाय. दरसाल इलेक्शन पाहिजे." तेव्हा मी पण हसले. त्याच्या बोलण्यातला हिशोब मला पुढं मार्चमध्ये दिसला.

फॉर्म भरायची मुदत २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. फॉर्म राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची प्रिंट काढायची, सही करायची आणि ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नेऊन द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण सर्व्हर चालेना. सेतूवाला पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत बसायचा, कारण पहाटे साईट जरा हलायची. एका फॉर्मचे तो तीनशे घेत होता. शेवटच्या दिवशी दुसरीकडं हजार घेतल्याचं ऐकलं. माझा फॉर्म घोषणापत्राच्या पानावर येऊन अडकायचा आणि सगळं पहिल्यापासून. शेवटी २ तारखेला आयोगानंच परवानगी दिली की फॉर्म कागदावरही चालेल आणि साडेपाचपर्यंत घेतले जातील. तहसीलच्या आवारात बायका मांडीवर फाईल ठेवून फॉर्म लिहीत बसल्या होत्या. माझं अनामत शंभर रुपये. राखीव प्रवर्गाला सदस्यपदासाठी शंभर, खुल्याला पाचशे. पावती जपून ठेवा, अनामत परत मिळवायला ती लागते. आणि कागदांचे तीन संच आधीच करून न्या. शेवटच्या दिवशी तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याची मशीन गरम होऊन बंद पडते, हे मी स्वतः पाहिलंय.

छाननी ५ डिसेंबरला. माझ्यावर हरकत आली. मामांचा गोठा गायरानात आहे, म्हणून सून अपात्र. सरकारी जागेवर अतिक्रमण असलं की अपात्रता येते हे खरंच आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालानंतर घरातल्या दुसऱ्या माणसाचं अतिक्रमणही अंगावर येऊ शकतं. त्यामुळे पाय लटपटले, हे कबूल करायला हरकत नाही. पण गोठा मामांच्या सातबाऱ्यातल्या बांधावर होता. तलाठ्याकडचा उतारा आणि नकाशा मी सोबत नेला होता, कारण जाऊबाईंनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, "त्या गोठ्यावरून कुणीतरी बोलंलच बघ." समोरच्यांकडे कागद नव्हता. हरकत फेटाळली. एक समजून घ्या: छाननीत टिकलं म्हणजे सगळं मिटलं असं नसतं. निवडून आल्यावरही कुणी अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करू शकतो. आपल्या घराचं, गोठ्याचं, दुकानाचं कुठलं टोक गायरानात किंवा रस्त्यावर गेलंय का, हे फॉर्मच्या आधी घरात बसून नीट बोलून घ्यावं.

माघारीची मुदत ७ डिसेंबर, दुपारी तीन. ५ ते ७ हे दिवस सगळ्यात वाईट गेले. बिनविरोध करू म्हणून बैठका. देवळाच्या सभामंडपाला कोण किती देणार, त्यावर कोण बसणार कोण उठणार. बिनविरोध होणं वेगळं आणि बोली लावून जागा वाटणं वेगळं. आदल्या खेपेला, २०२१च्या निवडणुकीत, नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळीत असा लिलाव झाल्याचं समोर आलं, तर आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. मी बैठकीत हे बोलले तेव्हा मोठी माणसं माझ्याकडं न बघता मामांकडं बघायला लागली. मामा जमिनीकडं बघत होते. घरी आल्यावर फक्त म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस, पर जरा हळू बोलायचं." माझ्या समोरच्या बाईनंही माघार घेतली नाही. तिच्या भावकीनं तिला किती दाबलं ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं.

चिन्हं त्याच दिवशी मिळतात. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, मोकळ्या चिन्हांतलं घ्यायचं. मला शिलाई मशीन हवं होतं, मिळाला छताचा पंखा. लाईट नसलेल्या दुपारी पंख्याचा प्रचार करत फिरताना म्हाताऱ्या जे बोलायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्रचाराचं खरं दुखणं वेगळंच होतं. डिसेंबरात आमचं निम्मं गाव गावात नसतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या जातात, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकात. माझ्या वॉर्डातल्या मतदार यादीवर मी पेन्सिलनं खुणा करत गेले तर पानंच्या पानं "फडावर", म्हणजे ऊस तोडायला गेलेली. घरात म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. म्हातारी म्हणायची, "माय, माझं एक मत घे. बाकीचे सहा कोयते हायेत कुठं, मला गावाचं नाव बी येत नाय." मग फोन. मुकादमाला फोन, कारण टोळीला सोडणारा तो. मुकादम म्हणतो, एक दिवस खाडा झाला तर कारखान्याला काय सांगू? मी मतं मागायला फोन लावायचे आणि बोलणं व्हायचं कोपीत पाणी शिरल्याचं, पोराला ताप असल्याचं. कुणाच्या हजार रुपयांच्या रोजावर पाणी सोडून मला मत द्यायला ये म्हणायला जीभ रेटत नव्हती. तरी १८ तारखेच्या पहाटे टेंपो आले. मतदारांना अशी गाडी पुरवणं नियमात बसत नाही. ते टेंपो कुणी लावले होते ते गावाला माहीत आहे. दोन्हीकडचे होते एवढंच लिहिते.

खर्चाची मर्यादा नऊ सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला २५ हजार आणि सरपंचाला ५० हजार. पंचायत मोठी तशी मर्यादा वाढते. पंधरा-सतराच्या पंचायतीत सदस्याला ५० हजार, सरपंचाला पावणेदोन लाख. माझा वहीतला खर्च मर्यादेच्या बराच आत राहिला: पत्रकं, दोन बॅनर, भोंग्याची रिक्षा दोन दिवस, चहा. पॅनलनं जेवणावळीवर आणि बाकी कशाकशावर काय उडवलं त्याची वही कुणीच दाखवत नाही. बाईमाणसाला उभं करताना "खर्चाचं तुम्ही बघू नका" म्हणतात. ते ऐकायचं नाही. वही आपल्या नावानं जाते, सही आपली असते.

मतदान रविवारी होतं, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. मशीनवर चार मतं देईपर्यंत लांब शिट्टी वाजत नाही. पुष्कळ जण एक बटण दाबून बाहेर यायला निघतात, मग आतला कर्मचारी थांबवतो, "काकू, अजून तीन राहिले." प्रचारात माझा चौथा हिस्सा वेळ हे समजावण्यात गेला आणि मला वाटतं तोच सगळ्यात कामाला आला. मोजणी २० डिसेंबरला तहसीलच्या ठिकाणी. आमच्या गावाचा नंबर दुपारनंतर लागला आणि मोजायला सुरुवात झाल्यावर वीस मिनिटांत संपलं. मी एकवीस मतांनी आले. सरपंच मात्र समोरच्या पॅनलचे आले आणि सदस्य आमचे पाच, त्यांचे चार. थेट सरपंचाच्या पद्धतीत असं पुष्कळ गावांत होतं. पुढची पाच वर्षं दोघांनाही एकमेकांना धरूनच चालावं लागतं.

गुलाल धुवायच्या आधी एक काम: खर्चाचा हिशोब. निकालापासून तीस दिवसांत द्यावा लागतो, निवडून आलेल्यानं आणि पडलेल्यानंही. दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत अपात्र करता येतं. पडलेली माणसं रागानं जातच नाहीत आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचं नाव यादीत अडकतं. माझ्यासमोर पडलेल्या बाईला मी फोन करून सांगितलं. आधी तिला वाटलं टोमणा मारतेय. मग आम्ही दोघी एकाच जीपनं गेलो.

पहिली सभा उपसरपंच निवडण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हे माझ्यासोबत आले होते, ते बाहेर पायरीवर बसले, आत आले नाहीत. बाकीच्यांपैकी तिघींचे नवरे आत खुर्च्यांवर होते. दुसऱ्या सभेला दोघे आत होते. आता कुणी नसतं, पण त्याला वर्ष लागलं.

आणि मग पैसा. निवडणुकीत जो तो "निधी आणू" म्हणतो. मीही म्हणाले होते. निधी म्हणजे नक्की काय हे पाहायला मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना दप्तर मागितलं. ग्रामपंचायतीचं सगळं दप्तर एक ते तेहतीस नमुन्यांत असतं. नमुना एक अंदाजपत्रक, नमुना पाच रोकड वही, नमुना आठ घरांची कर आकारणी, नमुना नऊ कोणाकडं किती मागणी आणि किती वसूल. भाऊसाहेब आधी म्हणाले, ताई तुम्हाला काय करायचंय, तरी दिलं. बचत गटाच्या वहीपेक्षा अवघड काही नव्हतं, फक्त जाड होतं.

मोठा आकडा होता पंधराव्या वित्त आयोगाचा, २०२१ ते २०२६चा. केंद्राकडून राज्याला, राज्यातून थेट पंचायतीच्या खात्यात, वर्षात दोन हप्ते. आपल्याकडे या पैशाचे ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती नि जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. गावाचा वाटा मुख्यतः लोकसंख्येवर ठरायचा. आमच्या गावाला वर्षाला दहा-बारा लाख. ऐकून वाटतं, झालं की. पण त्यातले साठ टक्के बंधित: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला, दुसरीकडं वळवता येत नव्हते. उरलेले चाळीस टक्के अबंधित, म्हणजे बारा लाख धरले तर चार लाख ऐंशी हजार. त्यातून आमच्याकडं संगणक परिचालकाच्या सेवा केंद्राचे महिन्याला १२,३३१ रुपये जायचे, वर्षाचे १,४७,९७२. पथदिव्यांचं आणि पाण्याच्या मोटारीचं वीजबिल वेगळं. शेवटी गल्लीतल्या रस्त्याला उरायचं ते एका गल्लीपुरतं. आणि प्रचारात आम्ही नऊही जणांनी आपापल्या गल्लीत सिमेंट रस्ता सांगितलेला.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती प्रत्येक उमेदवाराला माहीत असावी. हा पैसा निवडून आलेली बॉडी असेल तरच येतो. मुदत संपली आणि प्रशासक बसला की वित्त आयोगाचा हप्ता अडकतो. मार्च २०२२पासून आपल्याकडे जिल्हा परिषदा, पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि त्यांचे ते दहा-दहा टक्के थांबले, ते असेच. निवडणूक पुढं ढकलली की "बरं झालं, खर्च वाचला" म्हणणारी माणसं मला भेटतात, त्यांना मी हे सांगते.

पैसा खात्यात आला तरी लगेच निघत नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा आधी ग्रामसभेत मंजूर, मग तो ई-ग्रामस्वराजवर, म्हणजे पंचायतींच्या कामांच्या आणि हिशोबाच्या सरकारी साईटवर, चढवायचा, मग सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीनं पैसे थेट ठेकेदाराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात. नव्या सरपंचांची डिजिटल सही नोंदायलाच आमच्याकडं महिने गेले. तोवर गावात बोलणं सुरू: "निवडून आले अन् झोपले."

बाकीचे पैसे किरकोळ वाटतात पण आहेत: मुद्रांक शुल्काचं अनुदान, जमीन महसुलाचं अनुदान, बाजार असेल तर बाजार फी, गाळे असतील तर भाडं. आणि मग पंचायतीचा स्वतःचा पैसा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. यातूनच शिपायाचा पगार, मोटार जळली तर दुरुस्ती, ब्लिचिंग पावडर. याच्यावर वरून कुणी अट घालत नाही. अट फक्त कायद्याची, ती म्हणजे स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर, पंधरा टक्के मागासवर्गीयांच्या वस्तीवर आणि पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे.

मार्चमध्ये मी नमुना नऊवर हे टक्के लावून बघितले. घरपट्टी, पाणीपट्टी मिळून मागणी साडेतीन लाखांच्या घरात. वसुली लाखाला जेमतेम टेकलेली, आणि त्यातलाही मोठा तुकडा नोव्हेंबर-डिसेंबरातला, आम्हा उमेदवारांचा. महिला-बालकल्याणाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार. गावातल्या हजारभर बायकांना आणि लेकरांना मिळून वर्षाला दहा हजार रुपये. त्यात अंगणवाडीची चटई आणि वजनकाटा आला.

म्हणून वसुलीला निघाले. पहिल्याच दारात ऐकलं, "आठ दिसाला पाणी येतंय, पट्टी कशाची मागती?" पाणी आठ दिवसांनी येतं कारण मोटार जुनी आहे, ती बदलायचं म्हटलं की खात्यात काय ते तुम्ही वाचलंच. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, दारात उभं राहून भांडून काही होत नाही. ज्यांनी मला मत दिलं तेच जास्त रागावले. "तुला निवडून दिलं ते माफ करायला," असंही एक आजी बोलल्या. कर माफ करायचा अधिकार सदस्याला नसतो हे त्यांना कुणीच आयुष्यात सांगितलं नव्हतं, उलट दर निवडणुकीत कुणीतरी माफीच कबूल केली होती.

मासिक सभेत मी एक मुद्दा मांडला आणि तो, विशेष म्हणजे, समोरच्या पॅनलच्या सरपंचांनी उचलला. आम्ही वसुली करतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण वर्ष ३१ मार्चला संपतं. तेव्हा अर्धं गाव फडावर. गावात माणूस असतो आणि हातात पैसा असतो असे आमच्याकडं वर्षात मोजके आठवडे: मुकादमाकडून उचल, म्हणजे तोडणीचे आगाऊ पैसे, मिळाल्यावर, टोळी निघायच्या आधी, दसरा-दिवाळीच्या अलीकडं. वसुली तेव्हा करायची. सप्टेंबरअखेर भरणाऱ्याला पाच टक्के सूट मिळते, तीही दवंडी देऊन सांगायची. भाऊसाहेब म्हणाले, आजवर असं कुणी केलं नाही. सरपंच म्हणाले, बघू करून.

२०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तसं केलं. उचलीचा पैसा लोकांच्या जिवाचा असतो, त्यातून लग्नाचं, दवाखान्याचं कर्ज फिटतं, त्यामुळे सगळी थकबाकी एकदम मागायची नाही, चालू वर्षाचीच मागायची, असं आम्ही ठरवलं. पावती जागेवर फाडायची. मी आणि समोरच्या पॅनलची एक सदस्य बरोबर फिरायचो, म्हणजे कुणाला "तुमच्या पॅनलचं देणार नाही" म्हणता येईना. वसुली निम्म्याच्या पुढं गेली. फार मोठं काही झालं नाही, अजून दीड लाख येणं बाकीच होतं आणि मोठी थकबाकी गावातल्या मोठ्या वाड्यांचीच होती, तोडणीवाल्यांची नव्हे. त्या वाड्यांच्या दारात जायला शिपाई अजूनही कां-कूं करतो.

माझं पडताळणीचं प्रमाणपत्र त्याच काळात हातात आलं. समितीनं नावातल्या फरकाची त्रुटी काढली होती, राजपत्र जोडल्यावर मिटली. त्याची प्रत तहसीलला देऊन पोच घेतली आणि ती लॅमिनेशन करून ठेवलीय.

कुणाला उभं राहायचं असेल तर फॉर्मच्या आधी ई-ग्रामस्वराजच्या साईटवर जा. तिथं आपलं राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की आराखड्यात काय कामं आहेत आणि किती खर्च पडला ते कुणालाही दिसतं, पासवर्ड लागत नाही. आणि पंचायतीत जाऊन नमुना नऊमधलं आपल्या घराचं पान बघा. सदस्याला दर मासिक सभेचा भत्ता दोनशे रुपये आहे, तोही सगळीकडं वेळेवर निघत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर कुणी नको. आमच्या पुढच्या सभेच्या नोटिशीत पहिला विषय पथदिव्यांच्या थकीत बिलाचा आहे आणि दुसरा मोठ्या थकबाकीदारांना नोटिसा देण्याचा. त्या यादीत पॅनलच्या तात्यांचंही नाव आहे, आणि यादी वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलंय.